अकरा महिन्यांचा कागद

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या जागेवर आले की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते — पोराला सुखी ठेव, गुडघा बरा कर. देवाला कळत असेलच. पण त्याला कळणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं, नाही का?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून शाळा सुटली. अक्षर मात्र चांगलं आहे, अजूनही. सून कामावर गेली की दुपारचे दोन-तीन तास घरात मी एकटी असते, तेव्हा लिहितेय. कागद म्हणून आमच्या जुन्या फाईलमधल्या झेरॉक्स घेतल्यात. मागची बाजू कोरी आहे. पुढच्या बाजूला जे छापलंय, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी लाजरी आहे. तुम्ही मला ओळखत असतात तर हे पहिलं तुम्हीच सांगितलं असतंत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लग्न होऊन रत्नागिरीकडून इकडे भाईंदरला आले तेव्हा शेजारच्या बायकांना महिनाभर वाटत होतं की मी मुकी आहे. आमच्या वन्सं — म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, यशोदा — सगळ्यांना हसत सांगायच्या, "आमची सुलू म्हणजे रेडिओ हाय गो, पण बंद असलेला." लोक हसायचे. मीही हसायचे, पदर तोंडाला लावून.

लाजरेपणाचं एक बरं असतं. तुम्ही गप्प बसलात तर का गप्प बसलात, असं कोणी विचारत नाही.

वन्सं माझ्यासारख्या नव्हत्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, पण बाई कधी कोपऱ्यात बसली नाही. काशीगावात एका जुन्या शेतकरी घराण्याच्या शेतात त्या लावणी-कापणीला जायच्या. त्या घरातले म्हातारे, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, वन्संच्या कामावर खूश होते. आम्ही तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायचो, हे भांड्यांच्या कारखान्यात कामाला. एक दिवस वन्संनी तात्यांनाच जाऊन विचारलं, तुमच्या खळ्याचा तुकडा पडून आहे, तिथं आम्हाला भिंती उभारू द्याल काय?

तात्या म्हणाले, "येसू, जमीन आमची हाय, ती आमचीच ऱ्हाईल. भिंती तुझ्या. दसऱ्याला भुईभाडं न् एक नारल आनून द्यायचा. बास."

असं ते ठरलं. जमीन त्यांची, घर आमचं. भुईभाडं म्हणजे नुसत्या जमिनीचं भाडं, फार नव्हतं. नारळ मात्र महत्त्वाचा. तिथं पूर्वी भात झोडायचे. खळ्याच्या कोपऱ्यात एक दगड होता, दसऱ्याला तिथं नारळ ठेवायचा, मग तो उचलून तात्यांच्या हातात द्यायचा, की वर्षभर जमीन तुमच्याकडे. जागा वन्संनी मागितली होती, म्हणून नारळ दर वर्षी वन्संच न्यायच्या. आम्ही दोघं मागून भुईभाड्याचं पाकीट घेऊन चालायचो.

स्टॅम्पपेपर करायची वेळ आली तेव्हा त्यावर यांचं नाव लागलं. पुरुषमाणूस म्हणून. वन्सं म्हणाल्या, "नाव कुणाचं का असेना, राहणार आपण सगळीच." भिंती कशातून उभ्या राहिल्या? निम्मे पैसे यांचे, कारखान्यातून उचल घेतलेले. निम्मे वन्संचे. त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीने दिलेले पैसे होते आणि हातातल्या पाटल्या. मी त्या पाटल्या विकायला त्यांच्याबरोबर गेले होते. सोनाराने तराजूत टाकल्या तेव्हा मनगट चोळत त्या म्हणाल्या, "बरं झालं, भांडी घासताना आडव्या यायच्या."

खाली तीन खोल्या झाल्या. काही वर्षांनी यांनी कर्ज काढून वर दोन चढवल्या. खालच्या एकीत आम्ही, वरच्या एकीत वन्सं — तिथून डोंगर दिसतो म्हणून — आणि उरलेल्या तीन भाड्याने. भाड्यातलं वन्संनी कधी काही घेतलं नाही. जेवतेय ना तुमच्यात, म्हणायच्या. हे मात्र नेहमी म्हणायचे, निम्मं घर ताईचं. माझ्यासमोर म्हणायचे. मी ऐकलंय. एकदा नाही, अनेकदा.

हे एवढं का सांगतेय? म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधी म्हणता येऊ नये.

यांना पुढे सुपरवायझर केलं, पगार वाढला, पगारातून कर कापायला लागले. कुणीतरी सांगितलं, घराच्या कर्जाचं व्याज दाखवा, कर परत मिळेल. मग आम्ही दोघं भाईंदर स्टेशनजवळ रिटर्न भरणाऱ्या एका सरांकडे गेलो. मी का गेले? कागद माझ्या पिशवीत असायचे, आणि भाड्याच्या पावत्या मी लिहायचे. अक्षर चांगलं ना.

ते सर बोलायला गोड होते. म्हणाले, "जमीन दुसऱ्याची असली तरी हरकत नाही. भिंती तुमच्या ना? मग भाडं तुमचं आणि वजावटही तुमची. घरपट्टी भरता ती वजा. उरलेल्यातून शेकडा तीस दुरुस्तीच्या नावाने वजा, दुरुस्ती करा नाहीतर करू नका. आणि माडीच्या कर्जाचं व्याज वजा. ते भुईभाडं मात्र वजा होणार नाही."

हे म्हणाले, "म्हणजे खरोखर देतो ते धरायचं नाही, आणि न केलेली दुरुस्ती धरायची?"

"कायदा आहे साहेब. त्याच्याशी भांडायचं नसतं."

मग त्यांनी विचारलं, पाचही खोल्यांत कोण कोण राहतं. यांनी सरळ सांगितलं, एकीत बहीण, घरात तिचा निम्मा हिस्सा आहे. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हिस्सा दाखवलात तर सगळंच दोघांत वाटून दाखवावं लागेल, बहिणीचंही पॅनकार्ड, बहिणीचंही रिटर्न. आणि ती फुकट राहते म्हटलं तर त्या खोलीचं व्याज धरताना अडचण. त्यापेक्षा साधा भाडेकरार करा, अकरा महिन्यांचा. बहीण भाडोत्री. थोडंसं भाडं दाखवा. घर सगळं तुमचं, वजावट सगळी तुमची.

 हे म्हणाले, "ताईला भाडोत्री दाखवू?"

तेव्हा मी बोलले. परक्या माणसासमोर, ऑफिसात, मी, जी कधी बोलत नाही ती. मी म्हटलं, "कागदापुरतंच ना."

दोन शब्द. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

वन्संना सही येत नव्हती, अंगठा लावायच्या. सर म्हणाले होते, सही असली तर बरं. मग मीच शिकवलं. आठ दिवस रोज दुपारी चहा झाला की पाटीवर. "यशोदा" लिहायचं. "श" त्यांना जमेना, सारखा उलटा व्हायचा. "मेला हा श, म्हशीसारखा पाठ फिरवून बसतोय," म्हणायच्या. जमलं त्या दिवशी त्यांनी तिन्ही बिऱ्हाडांना जाऊन दाखवलं. आणि त्यांच्या आयुष्यातली पहिली सही कशावर झाली? मी या घरात भाडोत्री आहे, या कागदावर. त्यांना आम्ही सांगितलं होतं तसं, की करासाठी आहे, खोटं खोटं आहे. त्या म्हणाल्या, "असं होय? कुठं करू, दाखव."

भाड्याच्या पावत्या मी लिहायचे. इथं खरं सांगते. भाडोत्री यशोदा असं लिहिताना मला बरं वाटायचं. वीस वर्षं त्या घरात आवाज फक्त त्यांचा होता. भाजीत मीठ किती, गणपतीला माहेरी जायचं की नाही, पोराचं नाव काय ठेवायचं, सगळं वन्संनी ठरवायचं. प्रेमानेच, हो. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण बंद रेडिओलाही कधीतरी वाटत असेल ना? त्या पावतीच्या कागदावर मी मालकाच्या बाजूला होते आणि त्या दुसऱ्या बाजूला. कोणी बघत नव्हतं. मी सुवाच्य लिहायचे, काना-मात्रा नीट देऊन.

मग हे आजारी पडले. काविळीचं निमित्त झालं. शेवटच्या आठवड्यात एकदा सकाळी मला जवळ बसवून म्हणाले, ताईचा तो कागद नीट कर. आता कर नाही, काही नाही, रद्द करून टाक, निम्मं तिच्या नावाचं लिहून घे. मी म्हटलं, हो. त्यांनी माझा हात धरला होता. मी हो म्हटलं आणि ते चार दिवसांत गेले.

आता नीट ऐका, कारण मला सांगायचं आहे ते हेच.

हे गेल्यावर कराचा प्रश्नच राहिला नाही. कर कापायला पगार कुठे होता? तीन खोल्यांच्या भाड्यावर मला कर बसत नव्हता, त्या सरांनीच सांगितलं. रिटर्न नको, वजावट नको, काही नको. त्या कागदाचं काम संपलं होतं. तो अकरा महिन्यांचा कागद आपोआप संपला असता, मी नुसतं हातावर हात ठेवून बसले असते तरी.

मी बसले नाही. मी टायपिंगवाल्याकडे गेले आणि नवा करून आणला. मालक म्हणून यांच्या जागी माझं नाव. भाडोत्री यशोदा. वर घेऊन गेले. वन्सं तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "परत कर आला काय गो?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी सही केली. "श" नीट आला.

असं मी तीनदा केलं. दर अकरा महिन्यांनी. प्रत्येक वेळी त्यांनी तेच विचारलं आणि प्रत्येक वेळी मी तेच म्हटलं. का केलं? तेव्हा बिल्डर नव्हता, कसलाही सौदा नव्हता. मला कोणी सांगितलं नव्हतं. मनात पुढचा काही बेत होता का? मी स्वतःला खूप विचारलंय. बेत नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बेत नसताना कोणी टायपिंगवाल्याकडे तीनदा जातं का?

मग बिल्डर आला. तात्या वारले होते. त्यांच्या मुलाने आजूबाजूची सगळी जमीन बिल्डरला द्यायची ठरवली आणि ज्यांची त्यावर घरं होती त्यांना काशीगावात आपल्या ओटीवर बोलावलं. रविवारची सकाळ होती. पंधरा-वीस माणसं. मी पुढे सतरंजीवर, फाईल मांडीवर. वन्सं मागे दाराशी, चपलांजवळ, ओळखीच्या बायकांशी गप्पा मारत. मुलगा माझा तेव्हा सुरतेला कामाला होता.

बिल्डरचा माणूस हिंदीत समजावत होता. आमचा नंबर आला तेव्हा म्हणाला, "माजी, मालिक दो हैं तो दो छोटे फ्लॅट मिलेंगे. एक है तो एक बडा. और किरायेदार को सामान हटाने का पैसा, बस."

तात्यांचा मुलगा माझ्याकडे वळला. त्याने मला अगदी नीट विचारलं, सगळ्यांसमोर. "काकी, आमचा बा म्हनायचा जागा येसू आत्याला दिली. कागदावर तिचं नाव न्हाय. ती मालकीन हाय का भाडोत्री? तुमी सांगाल तसं लिवतो."

तुम्ही सांगाल तसं. त्याने कागद मागितला नव्हता. माझा शब्द मागितला होता.

 मागे वन्संचा आवाज थांबला. मी मान खाली घातली. पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, ही लाजरी बाई, इतक्या पुरुषांत कशी बोलेल? एकजण म्हणालासुद्धा, "तिला नको विचारू रे, ती बोलत नाय."

मी लाजत नव्हते. इतकी वर्षं मी लाजत आले, मला माहीत आहे लाजताना कसं वाटतं — कान गरम होतात, जीभ जड होते. त्या दिवशी कान गार होते. डोकं अगदी शांत होतं. एक बडा, दो छोटे. मुलाचं लग्न ठरवायचं होतं. मी फाईल उघडली, वरचा भाडेकरार बाहेर काढला आणि बोटाने त्याच्यापुढे सरकवला. एक शब्दही बोलले नाही.

त्याने वाचला. मग वर बघून, माझ्या डोक्यावरून मागे विचारलं, "आत्या, ही तुजी सही हाय?"

मी वळून पाहिलं नाही. ऐकलं फक्त. वन्सं हसल्या, तसंच, नेहमीसारखं मोठ्याने. "माझीच तर. बघ ना, श कसा सरळ बसलाय. लिही रे बाबा, भाडोत्रीच मी."

त्यांना सगळं कळलं होतं. त्या ओटीवर त्यांनी "नाही" म्हटलं असतं तर तात्यांच्या मुलाने त्यांचं ऐकलं असतं. पण मग मी खोटी ठरले असते, पंधरा-वीस माणसांत. भावाची बायको. त्यांनी मला खोटी ठरू दिलं नाही.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी त्यांच्याकडे एक ट्रंक आणि एक गाठोडं होतं. उत्तनच्या पुढे चौक गावात त्यांची एक मैत्रीण होती, मासळी सुकवायचं काम करणारी. तिच्या शेजारी खोली मिळाली, भाड्याची. रिक्षात बसायच्या आधी त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "सुले, तू बोलली असतीस तर सगळ्यांनी ऐकलं असतं गो. तुझा आवाज कुणी ऐकलेलाच नाय ना." रागाने नाही. नुसतंच सांगितल्यासारखं. 

मुलाला मी सांगितलं, आत्याला समुद्राची हवा मानवते म्हणून ती तिकडे गेली. तो अजून तेच समजतो. कधीमधी फोन करतो तिला. तीही त्याला तेच सांगते, हवा चांगली आहे रे इथं.

मी एकदा गेले होते. बसने, चौकपर्यंत, कोणाला न सांगता. लांबून दिसल्या. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालत होत्या, हात वर करून, उन्हात. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. मनगटं तशीच मोकळी. शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी पुढच्या बसने परत आले.

आता आम्ही नव्या इमारतीत राहतो. मोठा फ्लॅट आहे. खळं जिथं होतं तिथं गाड्या लावतात. तो दगड खोदताना कुठे गेला कोणास ठाऊक. आता भुईभाडं कोणाला द्यायचं नाही, नारळ कोणी मागत नाही. तरी दर दसऱ्याला वन्सं नारळ घेऊन येतात. वर येत नाहीत. गेटवर वॉचमनच्या वहीत सही करतात, नारळ त्याच्याकडे ठेवतात, आणि जातात. तो इंटरकॉमवर सांगतो, "आंटी, आप का नारियल आया है." पहिल्या वर्षी मी धावत गॅलरीत गेले. रस्ता ओलांडत होत्या, काठी घेऊन. मी हाक मारली नाही. दुसऱ्या वर्षी गॅलरीतही गेले नाही. या वर्षी काठीबरोबर एक शेजारीण होती, असं वॉचमन म्हणाला.

ते नारळ मी फोडले नाहीत. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवलेत, सहा झालेत. सून म्हणते, आई, हे सुकून गेलेत, टाकू का? जुना हलवून पाहिला तर आत गोटा वाजतो.

चौकची बस अजून स्टेशनवरून सुटते. मला पायऱ्या चढता येतात. वन्सं आहेत, मीही आहे. मुलाला समोर बसवून सांगता येईल, आजच, तो संध्याकाळी घरी आला की. तो ऐकेल. हे मी दर वर्षी स्वतःला म्हणते आणि मग भाजी निवडायला घेते.

त्या ओटीवर मला फक्त चार शब्द बोलायचे होते. निम्मं घर वन्संचं आहे. तिथं बोलले नाही. इथं लिहिलेत, त्याच करारामागे, ज्याच्या पुढच्या बाजूला त्यांची सही आहे. अक्षर चांगलं आलंय.